नळावरची बाई

सिनेमा बघताना गप्प बसणं मला आजवर जमलेलं नाही. थिएटरात पुढचे लोक मागे वळून वळून बघायचे, म्हणून थिएटर सोडलं. घरी बरं असतं. आपला सोफा, आपला रिमोट आणि आपलं तोंड. छातीत गोळी लागलेला नायक आईच्या मांडीवर पडून लांबलचक भाषण द्यायला लागला की मी म्हणते, "मर की बाबा आता, मला कुकर लावायचाय." डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेल्या नायिकेची लिपस्टिक हॉस्पिटलातही जागच्या जागी असते, तेव्हा तिचा आजार सोडून लिपस्टिक कुठली ते विचारावंसं वाटतं. गाणी तर मी बघतच नाही. गाणं सुरू झालं की रिमोटवर बोट, आणि सिनेमा पुढे.

रविवारी जेवणं झाली की सिनेमा, आणि संध्याकाळी सासरच्या ग्रुपवर माझा निकाल, हा आमच्या घरचा रिवाज. निकाल दोन ओळींचा, त्यापेक्षा जास्त लायकीचा सिनेमा मी अजून पाहिला नाही. एकदा लिहिलं होतं, "नायकाने शेवटी नोकरी सोडली. दिग्दर्शकानेही विचार करावा." त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. चुलत दीर, मावसनणंदा, त्यांची कॉलेजातली मुलं, सगळे वाट बघायचे. एखाद्या रविवारी उशीर झाला तर कुणीतरी विचारायचंच, "वहिनी, आज निकाल नाही?" खराडीच्या ऑफिसातही सोमवारी डबा खाताना हाच विषय. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मी पेठेत वाढलेली. आमच्या माहेरी कुणी कशाचं कौतुक केलं तर त्याला बरं वाटत नाहीये असं समजतात.

गेल्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य खडकीत गेलेलं. सासरे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, तिथल्या क्वार्टर्समध्ये त्यांचा संसार झाला. सासरे निवृत्त झाल्यावर तिथेच जवळ दोन खोल्या घेतल्या आणि ते गेल्यावरही आई एकट्याच तिथे राहिल्या. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय, म्हणजे कडेचं थोडं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं ते मधलं नेमकं पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं, पण तेही हळूहळू जाणार. त्यामुळे आई टीव्ही बघायला बसल्या की मान बाल्कनीकडे वळवून बसतात. नवीन माणसाला वाटेल या रुसल्यात. डोळ्याच्या कोपऱ्यातून काही हाती लागतंय का, हे त्या बघत असतात.

आणि विचारत असतात. "आता काय दाखवतायत गं?"

"काही नाही आई, रडारड."

"कोण रडतंय?"

"सगळेच. मीही रडेन थोड्या वेळाने."

नवरा हसायचा. तो हिंजवडीला जातो, आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये मान मोडून झोपतो, रविवारी मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्यात बसतो आणि माझ्या शेऱ्यांवर मान वर न करता हसतो. आई "बरं" म्हणायच्या आणि पुन्हा बाल्कनीकडे तोंड करायच्या. मला वाटायचं, मी त्यांना सिनेमा सांगतेय. काय सांगत होते? बेकार आहे, पुढचं आधीच कळलं, हिला अभिनय येत नाही, ह्याला कपडे येत नाहीत. कोण कुठे उभं आहे, दार उघडं आहे की बंद, कोण कुणाकडे बघतंय, यातलं काही नाही. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतंय.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी जेवताना आई म्हणाल्या, "आज मी सांगते तो लावशील का?"

त्यांनी आजवर कधी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, लावते की. त्यांनी नाव सांगितलं. जुना, एकेकाळी बराच चाललेला मराठी सिनेमा. मी नाक मुरडलंच. त्या काळचे सिनेमे म्हणजे भडक रंग आणि दर दहा मिनिटांनी एक गाणं.

"त्याचं थोडं शूटिंग आमच्या खडकीत झालं होतं," आई म्हणाल्या. "क्वार्टर्सच्या आत परवानगी नव्हती, पण बाहेर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नळ होता, तिथे. आता तो नळही नाही आणि ती घरांची ओळही पाडली. डोळे पुरते जायच्या आत एकदा बघायचंय. मला दिसलं नाही तर तू सांग."

एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी. मला दिसलं नाही तर तू सांग. यात न कळण्यासारखं काय होतं?

इंटरनेटवर सिनेमा फुकट सापडला. चित्र धुरकट, एका कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का, आवाज डब्यातून आल्यासारखा. आईंनी हात धुऊन, साडी नीटनेटकी करून, सोफ्याच्या अगदी कडेला बसून मान वळवली. मी सुरू झाले. नायकाच्या विगवर बोलले, खलनायकाच्या गॉगलवर बोलले. नवरा हसत होता. आई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "खडकी आली का?" आणि मी म्हणायचे, "अहो, आली की सांगते. पळून जातेय का खडकी?"

मग एक गाणं लागलं. सवयीने माझं बोट रिमोटवर गेलं.

"राहू दे," आई म्हणाल्या.

"गाणं आहे आई, नुसतं गाणं."

"राहू दे म्हटलं ना."

त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला थोडा रागच आला. रिमोट मी आदळून नाही ठेवला, पण हळूही नाही ठेवला. पडद्यावर नायिका घागर घेऊन ठुमकत निघाली होती, मागे नायक सायकलवर.

"नळ दिसतोय का?"

"दिसतोय. नळ आहे, हंडे आहेत, बायका आहेत."

"काय करतायत बायका?"

"नळावर काय करणार आई? पाणी भरतायत."

"इकडे बघतंय का कुणी?"

आता वाटतं, हा प्रश्न ऐकून तरी माझ्या डोक्यात काही वाजायला हवं होतं. नाही वाजलं. कारण तेवढ्यात मला ती दिसली. नायिकेच्या मागे, चित्राच्या डाव्या कडेला, हंडा नळाखाली धरलेली एक तरुण बाई. बाकीच्या बायका शहाण्यासारख्या खाली बघत होत्या. ही मात्र सरळ आमच्याकडे बघून हसत होती. तोंडावर पदर घ्यायला गेली, तर हातातला हंडा कलला आणि पाणी पायावर सांडलं, तरी हिचं आपलं हसणं चालूच.

"अगं बाई!" मी ओरडले. "ही बघा, ही बघा! हिरव्या साडीतली. कॅमेऱ्याकडे बघून दात काढतेय नुसती. हंडा वाहून चाललाय तिकडे पत्ता नाही. नायिका गेली खड्ड्यात, सगळा सिनेमा हिचाच. कुठल्या नळावरून उचलून आणतात कोण जाणे."

"दात दिसतायत?" आईंनी विचारलं.

"सगळे. अक्कलदाढेसकट."

आई खळखळून हसल्या. नवरा लॅपटॉपमध्ये बघतच हसला. मी सिनेमा थांबवला, मागे नेला, ती बाई बरोब्बर हसताना चित्र गोठवलं आणि मोबाईलने फोटो काढला. त्या रविवारचा निकाल तयार होता. फोटोखाली लिहिलं, "चित्रपट बेकार. नळावरच्या ह्या बाईंना पुरस्कार मिळावा. कॅमेरा पहिल्यांदाच पाहिला असावा." आणि ग्रुपवर टाकला.

पिवळे चेहरे धबाधब पडायला लागले. एका दिराने लिहिलं, "वहिनी, कहर!" मी चहा टाकला. आई डायनिंग टेबलाशी लसूण सोलत होत्या. ते काम त्यांना डोळ्यांशिवाय जमतं. तेवढ्यात आत्यांचा निरोप आला. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांना टाईप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलूनच पाठवतात. हात ओले होते, मी कोपराने मोबाईल दाबला आणि आवाज सगळ्या घरात गेला.

"अगं, काय हे? ही आपली वहिनी आहे की! तुझी सासू! ती साडी माझ्या लग्नातली, मीच निवडली होती. तुझ्या सासूला कुणी सांगितलं का गं हे?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. नवऱ्याने पहिल्यांदा लॅपटॉपवरून मान वर केली. मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी खालच्यांच्या घरात पडावं, पण इथे उभं राहू नये. आईंनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली, सालं गोळा केली, आणि उठताना म्हणाल्या, "आत्याला सांग, साडी हिरवी नव्हती, मोरपंखी होती." मग भिंतीला हात लावत त्या आपल्या खोलीत गेल्या.

मी मोबाईल हातात घेतला. ग्रुपवरचे पिवळे चेहरे एकेक करून नाहीसे होत होते. लोक गुपचूप आपलं हसू परत घेत होते. मला मात्र माझं परत घेता येत नव्हतं. फोटो काढून टाकला, तर तिथे हा मेसेज काढून टाकला आहे अशी करडी ओळ उरली, फोटोपेक्षाही ठळक. नवरा म्हणाला, "मीही हसलो गं. माझी आई, आणि मी बघितलंसुद्धा नाही." त्याने तो धीर द्यायला म्हटलं असेल, पण माझ्या अंगाची आगच झाली. तो न बघता हसला. मी बघून हसले होते. डोळे फाडून, चित्र थांबवून, मागे नेऊन.

पुढचे काही दिवस घरात माझी जीभच टाळ्याला चिकटली. आई नेहमीसारख्याच होत्या, तेच फार वाईट होतं. त्या रागावल्या असत्या, बोलल्या असत्या, लेकीकडे निघून गेल्या असत्या तरी मी समजू शकले असते. त्या सकाळी विचारायच्या, "चहा झाला का?" आणि मला कानफटात बसल्यासारखं वाटायचं. ऑफिसात सोमवारी डब्याच्या वेळी विचारलं, काय पाहिलंस, तर मी म्हटलं, काही नाही. आरशात केस विंचरताना स्वतःचे दात दिसले तरी शरम वाटायची. कुठल्या नळावरून उचलून आणतात! हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं होतं. आमच्या माहेरी मोठ्याने बोलणाऱ्या बायकांना नळावरच्या म्हणतात. ते माहेरचं माझ्यात इतकं मुरलंय हे मला माहीत होतं, फक्त ते कुणाला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि लागलं कुणाला, तर ज्या बाईने लग्नानंतर पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, "तुला स्वयंपाक येत नसला तरी चालेल, मला येतो," तिला.

शेवटी एका दुपारी, मी घरून काम करत होते तेव्हा, कॉल अर्ध्यात सोडला आणि त्यांच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून मान वळवून खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत होत्या.

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं आणि पुढे रडूच आलं. सिनेमातल्या रडण्यावर इतकं बोलणारी मी, नाक ओढत उभी होते.

"बस," त्या म्हणाल्या. "नाक पूस आधी."

मी बसले.

"आई, तुम्ही सांगितलं का नाही, त्यात तुम्ही आहात म्हणून?"

"विचारलं कुणी?" त्या म्हणाल्या. मग आपणहून म्हणाल्या, "मला खात्री नव्हती. वाटलं, कापून टाकलं असेल. तूच सांगितलंस आहे म्हणून. एक सांगू का? इतके सिनेमे आपण बघितले, त्यात तू काय दिसतंय ते एकदाच सांगितलंस. कुठे बघतेय, काय नेसलीय, हंडा वाहून चाललाय, दात दिसतायत. एरवी तू नुसतं बेकार आहे म्हणतेस. बेकार मला ऐकूही येतं गं. दिसत नाही, ते सांग ना."

मला वर बघवेना. त्या रागाने बोलत नव्हत्या, हिशोब समजावल्यासारखं सांगत होत्या, म्हणून जास्त लागलं.

"आणि मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते," त्या म्हणाल्या.

"मग?"

"आम्हाला बजावलं होतं की इकडे बघायचं नाही, खाली बघून पाणी भरत राहायचं. मी खालीच बघत होते. तेवढ्यात फॅक्टरी सुटली. तुझे सासरे सायकलवरून आले आणि गर्दीत उभे राहिले, अगदी त्या कॅमेरावाल्याच्या मागे. मला वाटलं, आता घरी गेल्यावर बोलणी बसणार, न विचारता आले म्हणून. हळूच वर बघितलं. तर त्यांनी जेवणाचा डबा डोक्यावर ठेवलेला. एक हात कमरेवर. आणि त्या नटीसारखे ठुमकत चालतायत, इकडून तिकडे. माझं हसू थांबेना. तो माणूस ओरडला माझ्यावर, पण ऊन उतरलं होतं, परत काही घेतलं नाही."

सासऱ्यांना मी दोनच वर्षं पाहिलं. आमच्या लग्नाच्या फोटोत ते कुणीतरी शिक्षा केल्यासारखे उभे आहेत. त्या माणसाने डोक्यावर डबा ठेवून ठुमकत चालावं? मला ते कितीही प्रयत्न केला तरी दिसेना.

"परत कधी केलं नाही तसं त्यांनी," आई म्हणाल्या. "सिनेमा लागला तेव्हा म्हटलं, जाऊ या. तर म्हणाले, त्यात मी कुठाय, तुझं तूच बघून ये. तेवढ्यावर राहिलं. मग टीव्हीवर लागायचा तर गाणं कापलेलं. ते गेले तेव्हापासून मनात होतं, एकदा बघावं. आपण हसलो होतो ते खरंच राहिलंय का कुठे."

मी ऑफिसचा लॅपटॉप बंद केला, आईंना बाहेर सोफ्यावर आणून बसवलं आणि टीव्ही लावला. गाण्यापर्यंत आणलं. या वेळी मी हळूहळू सांगितलं. नळ पितळी आहे, खाली शेवाळ धरलंय. मागे दगडी भिंत, तिच्यावर कुणीतरी वाळत टाकलेली गोधडी. डावीकडे एक बाई. साडी मोरपंखी, चित्र जुनं झाल्यामुळे हिरवी दिसते. हातात काचेच्या बांगड्या, लाल. आता ती वर बघतेय. आता हसली. आता पदर शोधतेय, सापडत नाहीये तिला. पाणी सांडलं. तिला कळलं नाही. मी चित्र थांबवलं. त्या सबंध धुरकट सिनेमात इतकं खरं हसू दुसरं नव्हतं, आणि मी त्याचीच टवाळी केली होती.

आई बाल्कनीकडे मान वळवून, जेवढं कडेने मिळेल तेवढं घेत होत्या.

"कशी दिसतेय?" त्यांनी विचारलं.

"सुंदर," मी म्हटलं. आमच्या माहेरच्या कुणी ऐकलं असतं तर ताप मोजला असता.

"आणि कुठे बघतेय?"

"बाबांकडे."

त्या डोळे पुसून म्हणाल्या, "मग तेच लिही की तुझ्या त्या ग्रुपवर."

मी पुन्हा फोटो काढला. त्या करड्या ओळीखाली तो टाकला आणि लिहिलं, "आई, बाबांकडे बघताना." दोन ओळी लागल्याच नाहीत. लगेच हिंजवडीहून नवऱ्याचा फोन आला. त्याच्या मागे ऑफिसचा गलका होता.

"फोटो बघितला," तो म्हणाला. "अगदी मोठा करून बघितला. पण बाबा कुठायत यात?"

मी आईंकडे बघितलं. त्या अजून टीव्हीकडे कान आणि बाल्कनीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"घरी ये," मी म्हटलं, "आणि आईंना विचार."